विदूषकाची चिंच

परदेशी राहणाऱ्या माणसाला घरच्या अन्नाची जी आठवण होते, ती वाङ्मयाचा विषय होऊ शकते काय, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी आम्हांस कोणी विचारला असता तर आम्ही नकारार्थी उत्तर दिले असते. किंबहुना ते आम्ही दिलेही होते, आणि तेही लेखी. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने अमेरिकेहून एका मराठी नियतकालिकाकडे एक ललित लेख पाठविला होता. संपादकांनी तो अभिप्रायार्थ आमच्याकडे धाडला. बरकतपुऱ्यातील आपल्या आजोळच्या घरी मिळणारी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, धपाटे आणि अंबाडीची भाजी यांच्यावाचून परदेशात काढलेली सात-आठ वर्षे हा त्या लेखाचा विषय. आम्ही तो एका बैठकीत वाचला आणि समासात दोन वाक्ये लिहिली : लेख स्मरणरंजनाच्या पलीकडे जात नाही, विषय लहान आहे. लेख साभार परत गेला. पुढे तिचे आम्हांस पत्र आले. त्यात तक्रार नव्हती. विषय लहान आहे हे खरे, पण सर, तो दिवसातून तीन वेळा समोर येतो, एवढेच तिने लिहिले होते.

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आपण दिलेला अभिप्राय चुकीचा होता की त्याची कारणे चुकीची होती, याचा शोध घ्यावा म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहोत. वाचकांपैकी बहुतेक जण अध्यापक असल्यामुळे लाल शाईची सवय त्यांनाही आहेच. तेव्हा हा शोध केवळ आमच्यापुरता राहू नये.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या विषयावर निर्णय देण्यास बरकतपुऱ्यात बसलेला माणूस तटस्थ असू शकत नाही. आमचे वडील नांदेडहून हैदराबादेस आले ते आपल्याच राज्याच्या राजधानीत आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि आमचे कुटुंब घर न बदलता परप्रांतात गेले. माणूस हलला नाही, प्रांत हलला. २०१४ साली प्रांत पुन्हा एकदा हलला. तोपर्यंत आम्हांस सवय झाली होती. पण आमच्या बालपणी काचीगुडा स्थानकावर मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीतून ज्वारीचे पोते उतरले की घरात जी हालचाल होई, ती कोणा पाहुण्याच्या आगमनाने होत नसे. हैदराबादेत ज्वारी मिळत नव्हती असे नाही. परंतु ती 'आपली' नव्हती, असे आमच्या आजीचे मत होते, आणि तिच्या मताविरुद्ध अपील नसे. ती पीठ चिमटीत धरून पाही आणि हे थापताना चिरेल म्हणून सांगे. ते बहुधा चिरत असे. क्वचित चिरत नसे, तेव्हाही ती आपले मत बदलीत नसे. परदेशगमनाचा अनुभव नसलेल्या आमच्यासारख्यांनाही या विषयाची एवढी तोंडओळख आहे. मग तिच्या लेखाला आम्ही लहान का म्हटले?

याचे एक कारण आमच्या शिक्षणात आहे. आमच्या पिढीने रसचर्चा शिकली ती अशा रीतीने, की 'रस' या शब्दाचा जिभेशी असलेला संबंध शिकविणाऱ्यांनी लाजत लाजत सांगावा आणि लगेच पुढे जावे. वस्तुतः भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात या संबंधाची मुळीच लाज बाळगलेली नाही. निरनिराळी व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो व तसे संस्कारित अन्न खाणारी सुमनस माणसे जशी त्याचा आस्वाद घेतात, तसेच नाट्यात घडते, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे आमच्या साहित्यशास्त्राचा पायाभूत दृष्टांत स्वयंपाकघरातून आलेला आहे. असे असूनही त्या शास्त्राच्या आधारे लिहिल्या गेलेल्या वाङ्मयात अन्नाची ओढ ही गंभीर भावना म्हणून जवळजवळ कोठेच येत नाही. दृष्टांताला मान आहे; दृष्टांत ज्या घरातून आला त्या घराला नाही.

आमच्या आक्षेपाचे दुसरे कारण अधिक सबळ होते आणि ते आम्ही अद्याप पूर्णपणे सोडलेले नाही. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन या विषयाला नेमकी लागू पडतात. एक, आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात मन अडकून पडणे. आणि दुसरे, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. अन्नस्मृतीचे लेखन ही दोन्ही विघ्ने जणू पाटावर बसवून जेवू घालते. लेखक आपल्या आजीच्या आमटीविषयी लिहितो, आणि वाचक ती आमटी न चाखता स्वतःच्या आजीची चाखू लागतो. डोळे पाणावतात, पण ते लेखामुळे नव्हेत. लेखाने केवळ वाचकाच्या फडताळाचे दार उघडून दिलेले असते. हे पाणी काव्यानुभवाचे की निव्वळ भुकेचे, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे. आज परदेशस्थ मराठी लेखनात पुरणपोळी आणि कोथिंबीरवडी यांची जी रेलचेल आढळते, तिच्यापैकी बरेचसे लेखन या प्रश्नापुढे टिकत नाही. पदार्थाचे नाव घेतले की काम झाले, अशी लेखकाची समजूत असते. आणि वाचक ते काम खरोखरच करून टाकतो, हे दुर्दैव.

परंतु विघ्नांची यादी येथेच संपत नाही, हे आम्ही विसरलो होतो. प्रतीतीची साधने अपुरी असणे आणि प्रतीती स्फुट नसणे हीही विघ्नेच आहेत. म्हणजे दोष विषयात असेलच असे नाही, तो साधनांत असू शकतो. मराठीने या भावनेसाठी कोणती साधने घडविली, हे पाहिल्याशिवाय एखाद्या लेखिकेला दोष देणे म्हणजे नांगर न देता शेत नांगरले नाही म्हणून रागावणे होय.

संस्कृत परंपरेकडून आपल्याला काय मिळाले? मेघदूतातील यक्ष हा आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध परदेशस्थ. रामगिरी म्हणजे रामटेक हे मत ग्राह्य धरले तर तो वर्षभर विदर्भात होता. विरहाने तो इतका कृश झाला की हातातले सोन्याचे कडे गळून पडले, असे कवी दुसऱ्याच श्लोकात सांगतो. वर्षभर तो काय खात होता, अलकेतील कोणता पदार्थ त्याला आठवत होता, याविषयी मात्र अवाक्षर नाही. अलकेतील वापी, अशोक, मयूर, सारे त्याला आठवते. पानात वाढलेले काही आठवत नाही. विप्रलंभाच्या दरबारात अन्नाला प्रवेश नव्हता.

प्रवेश होता तो विदूषकाला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी माढव्य आपली गाऱ्हाणी सांगतो. राजाच्या मृगयेपायी रानावनात हिंडावे लागते, पानांच्या कुजण्याने तुरट झालेले डोंगरी ओढ्यांचे पाणी प्यावे लागते, आणि अवेळी सळईवर भाजलेले मांस खावे लागते. घर सुटलेल्या माणसाच्या अन्नविषयक दुःखाचे इतके नेमके वर्णन आमच्या वाचनात दुसरे नाही. पाण्याची चव, जेवणाची वेळ, शिजविण्याची रीत, तिन्ही गोष्टी बिघडल्या आहेत. परदेशी गेलेला विद्यार्थी आजही याच तिहींबद्दल लिहितो. पण हे सांगतो कोण, तर विदूषक. म्हणून प्रेक्षकाने हसावयाचे. त्याच अंकात पुढे तो राजाला म्हणतो, की पिंडखजूर खाऊन खाऊन वीट आलेल्या माणसाला जशी चिंच खावीशी वाटावी, तशी तुमची ही शकुंतलेविषयीची अभिलाषा आहे. येथे कालिदासाने एक विलक्षण गोष्ट केली आहे. राजाच्या प्रेमाची सर्वांत बोचरी चिकित्सा त्याने जिभेच्या भाषेत केली, आणि ती विदूषकाच्या तोंडी घालून सुरक्षित करून टाकली. चिंच खरी आहे, पण ती हास्याच्या पुडीत बांधलेली आहे. मराठी प्रवासवाङ्मयाने पुढे जे केले ते याहून फार वेगळे नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या एका प्राचीन ग्रंथाकडे क्षणभर वळावेसे वाटते. बायबलच्या जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मिसरातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात रडू लागतात. कशासाठी, तर मिसरात मिळणारी मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांच्यासाठी. दास्यातून मुक्त झालेले लोक दास्याच्या देशातील कांद्यासाठी रडतात! ग्रंथकर्त्याला ही ओढ निंद्य वाटते. पण ती तो हसण्यावारी नेत नाही. तिच्यामुळे देवाचा कोप होतो, इतकी ती गंभीर आहे. जिव्हेला नीती कळत नाही, देश चांगला की वाईट हे कळत नाही, तिला केवळ सवय कळते, हे सत्य त्या अध्यायात उघडेनागडे उभे आहे. आमच्या परंपरेने याच सत्याला विदूषकाचा मुकुट घालून हसतमुख केले.

आता मराठी गद्याकडे येऊ. १८८३ साली दोन मराठी स्त्रिया समुद्रापार गेल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस, आणि पंडिता रमाबाई इंग्लंडास. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभासाठी रमाबाई मुद्दाम अमेरिकेस गेल्या. दोघीही शाकाहारी, दोघीही परक्या चुलीच्या आधाराने राहिलेल्या. आनंदीबाई निघण्यापूर्वीच श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणूनच राहू व परत येऊ, असे सांगून बसल्या होत्या. तेव्हा त्यांच्या ताटातील प्रत्येक घास हा प्रतिज्ञेचा घास होता. त्यांच्या प्रकृतीचा ऱ्हास आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झालेला त्यांचा अंत हे सर्वश्रुत आहे. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांनी 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी लिहिली. या साऱ्या वाङ्मयात आनंदीबाईंनी काय खाल्ले नाही याची नोंद ठळक आहे. त्यांना काय खावेसे वाटले याची मात्र आपल्याला कल्पनाच करावी लागते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात काहीतरी खावेसे वाटले असेलच. परंतु प्रतिज्ञा केलेल्या माणसाने इच्छा बोलून दाखवावयाची नसते.

रमाबाईंचे प्रकरण याहून तिखट आहे. वाँटेज येथील मठातील भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो वाचताना एका ठिकाणी आम्ही थबकलो. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई आपले खाणेपिणे सोडीत नाहीत, हा जातीचा अभिमान आहे, असा त्यांच्यावर ठपका होता. त्यावर रमाबाईंचे उत्तर असे, की आपण ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी मुक्त नाही हे कबूल. माझा अभिमान शोधावयाचाच असेल तर तो खुशाल पुडिंगांत, लोण्यादुधात, भातपाण्यात शोधावा. या उत्तरात उपरोध आहे, राग आहे, आणि आमच्या मते या दोहोंच्या खाली आणखीही काही आहे, जे त्यांनी लिहिले नाही. धर्म बदलता येतो, देश बदलता येतो, परंतु पानात काय पडावे यावर अखेरचा हक्क आपला असावा, अशी ही झुंज आहे. जातीचा प्रश्न यात नाही असे आम्ही म्हणत नाही. तो आहेच, आणि रमाबाईंनी तो लपविलेला नाही. पण सारेच जातीत मोडीत काढले की माणूस उरत नाही. मराठी अन्नस्मृतीच्या वाङ्मयातील हे पहिले थोर पान आहे, आणि दुर्दैवाने ते इंग्रजीत आहे.

त्या पिढीसाठी अन्न हा धर्माचा प्रश्न होता. पुढल्या पिढ्यांसाठी तो विनोदाचा झाला. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० मध्ये आणि 'पूर्वरंग' १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि मराठी मध्यमवर्गाने परदेश या पुस्तकांतून पाहिला. या पुस्तकांवर आमचे प्रेम आहे; दरवर्षी नववीच्या वर्गात त्यांतील पाने आम्ही स्वतः वाचून दाखवितो. परंतु एक गोष्ट सांगणे भाग आहे. काट्याचमच्यांनी गोंधळलेला, परक्या पक्वान्नाकडे संशयाने पाहणारा व मनातल्या मनात वरणभाताचे स्मरण करणारा जो मराठी प्रवासी या काळात लोकप्रिय झाला, तो माढव्याचाच वंशज आहे. पु. लं.च्या हाती विदूषक शहाणा राहिला, कारण कालिदासाप्रमाणेच त्यांनाही हसण्यामागची चिंच ठाऊक होती. अनुयायांनी विदूषक उचलला आणि चिंच टाकून दिली. त्यामुळे असे झाले, की परदेशातील मराठी माणसाने भाकरीची आठवण काढताच वाचक हसण्यासाठी तोंड उघडून बसू लागला. आमच्या विद्यार्थिनीचा लेख वाचताना आम्हीही नकळत हसण्याची वाट पाहत होतो. ती विनोद करीत नाही, हे लक्षात येताच आम्हांस लेख फसल्यासारखा वाटला. हा दोष तिचा नव्हता.

मराठीत दुसरी परंपरा आहे, आणि आम्हांला ती आठवावयास हवी होती. मराठी स्त्रीला परदेश ठाऊक नव्हता असे म्हणणारे सासर हा शब्द विसरतात. दहाबारा वर्षांची मुलगी वीसपंचवीस कोसांवरील परक्या चुलीपाशी जाई, तेथील मिठाचे प्रमाण वेगळे, तेलाची घाणी वेगळी, वाढणारा हात वेगळा. जात्यावरच्या ओव्या हे या परदेशाचे वाङ्मय होय. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये त्या संग्रहिल्या. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लेखनिविष्ट झाल्या. या ओव्यांचे एक वैशिष्ट्य विचार करण्याजोगे आहे. माहेरच्या अन्नाची आठवण तेथे बहुधा खाण्याच्या रूपाने येत नाही, वाढण्याच्या रूपाने येते. भाऊ मुळाला आला की त्याला काय करून घालू, शेवया करू की पोळ्या करू, हा तिचा प्रश्न असतो. म्हणजे हरवलेली चव ती स्वतःच्या जिभेवर शोधीत नाही, भावाच्या पानात शोधते. आठवण जिभेची न राहता हाताची होते. शिवाय हे सारे गायिले जाते ते दळताना, धान्य मुठीत असताना. अभिनवगुप्तांच्या विघ्नावर, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होण्यावर, याहून चांगला उतारा कोणत्या पंडिताने सुचविला आहे?

डोहाळ्यांच्या गीतांचेही असेच आहे. तेथे तर जिभेची ओढ उघडपणे, समारंभाने व्यक्त होते. आंबट खावेसे वाटते हे सांगण्यास स्त्रीला वर्षानुवर्षांत मिळालेला तो एकच सभ्य प्रसंग. चिंच तेथेही आहे. मात्र ती पुडीत बांधलेली नाही. सारे गाव ती आणून द्यावयास उभे असते.

पाकशास्त्राच्या पुस्तकांकडे टीकाकार सहसा फिरकत नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली. परदेशी जाणाऱ्या मुलीच्या पेटीत 'रुचिरा' ठेवण्याची चाल आमच्या परिचयाच्या अनेक घरांत होती व आहे. या पुस्तकाने एक मोठी गोष्ट केली : वाटी आणि चमचा यांचे माप नक्की करून आईच्या 'अंदाजा'ला लेखी पर्याय दिला. अंदाज हा शब्द स्वयंपाकघरात जितका खरा तितकाच निर्दय आहे. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, विस्तव अंदाजाने. हा अंदाज आईच्या मनगटात असतो आणि मनगट टपालाने पाठविता येत नाही. 'रुचिरा'चे वाक्य कोरडे, आज्ञार्थी, विशेषणहीन असते. तरीही परक्या गावी ते पुस्तक उघडणाऱ्या मुलीला त्यात जे ऐकू येते, ते अनेक ललितलेखकांच्या अलंकृत परिच्छेदांत ऐकू येत नाही. कारण त्यात वस्तू आहेत, क्रम आहे, माप आहे. भावना वाचणाऱ्याने आपली आणावयाची आहे. प्रूस्तच्या कादंबरीतील चहात बुडविलेल्या केकच्या तुकड्याचा उल्लेख अशा चर्चेत हटकून केला जातो म्हणून आम्हीही करतो. पण तेथेही स्मृती जागृत होते ती चवीच्या नेमकेपणामुळे, उमाळ्यामुळे नव्हे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण या संदर्भात आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूचे हे मराठी बोलणारे यहुदी. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. ज्या भूमीची आठवण धर्मग्रंथ शतकानुशतके करून देत होते तेथे ते पोचले, आणि पोचताच त्यांना दुसऱ्या भूमीची आठवण होऊ लागली! 'गणना' पुस्तकातील कांदालसणाची कथा त्यांच्या बाबतीत अशी पुन्हा घडली. हाएम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात सणांची जुनी मराठी नावे दिलेली आहेत. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, आणि वल्हांडणाला 'अनशी ढाकाचा सण'. अनस म्हणजे आंबट कालवणाचे मडके. ते झाकून ठेवण्याचा तो सण. मिसरातून सुटकेच्या महान घटनेचे स्मरण कोकणातल्या एका मडक्याच्या झाकणाने व्हावे, यात आम्हांस क्षुद्रता दिसत नाही. अन्नाने कालगणना करणारा समाज अन्नाविषयी वेगळे वाङ्मय कशाला लिहील?

आणि त्यांचा मलिदा. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गोडी आणि फळे. एलिया संदेष्ट्याचे स्मरण करून शुभकार्यात व नवस फेडताना तो वाटला जातो. हा विधी इस्राएलमध्येही त्यांनी चालू ठेवला आहे, आणि अन्य यहुद्यांहून आपली ओळख सांगण्याची ती एक खूण झाली आहे. हिब्रू प्रार्थना आणि कोकणी पोहे एका ताटात. ओवीतील बहिणीप्रमाणे येथेही आठवण वाटण्याच्या रूपाने टिकली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी एकट्याने बसून मलिद्यासाठी उसासे टाकल्याचे आमच्या वाचनात नाही.

इतके सर्व ध्यानात घेऊन आम्ही आमच्या विद्यार्थिनीचा लेख तिच्याकडून पुन्हा मागविला आणि दुसऱ्यांदा वाचला. पहिली तीन पाने आजही आम्हांस पटत नाहीत. तेथे आजी आहे, चूल आहे, धूर आहे, पावसाळी संध्याकाळ आहे, आणि बरकतपुऱ्याऐवजी दुसऱ्या कोणत्याही मोहल्ल्याचे नाव घातले तरी चालेल असे सारे आहे. पदार्थांची नावे एकामागून एक येतात. एकही शिजत नाही. समासातील पहिले वाक्य या पानांपुरते आम्ही मागे घेत नाही.

परंतु चौथ्या पानावर अंबाडी आहे. परदेशातील एका भारतीय दुकानात तिला पालेभाज्यांच्या खोक्यात हिरवी जुडी दिसली. पाटीवर 'गोंगूरा' असे लिहिले होते. तेलुगू शेजाऱ्यांच्या घरी हैदराबादेत तिने गोंगूऱ्याची पच्चडी शेकडो वेळा खाल्ली होती, पण हीच आपली अंबाडी, हे तिला त्या दुकानात उभे राहिल्यावर पहिल्यांदा कळले. बरकतपुऱ्यात भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे एकच पाला दोन नावांनी शिजवीत होती, आणि हे कळण्यासाठी तिला समुद्र ओलांडावा लागला. तिने जुडी घेतली. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या लागतात. कण्या मिळाल्या नाहीत, म्हणून तिने ज्वारी मिक्सरमध्ये भरडली. ती काही अगदी पीठ झाली, काही तशीच राहिली. भाजी शिजली, वरून लसणाची फोडणी पडली. मग तिने शेजारच्या तेलुगू कुटुंबाला बोलाविले. त्यांनी ती चाखून विचारले, हे काय आहे? आणि तिला उत्तर देता आले नाही, कारण दोन्ही नावे त्यांना लागू पडत नव्हती. तिने पुन्हा वाढले, एवढेच.

हा परिच्छेद पहिल्या वेळी आमच्या नजरेतून कसा सुटला, हे सांगता येत नाही. बहुधा त्यात आसू नव्हते आणि हसूही नव्हते, म्हणून. येथे विशिष्ट देशकाल आहे, पण लेखिका त्यात अडकलेली नाही. ती तो पुढे चालविते आहे. भरडलेल्या ज्वारीचे ते अर्धे पीठ आणि अर्धे दाणे यांत प्रतीतीचे साधन आहे. चव पुरती साधली नाही, आणि साधली नाही म्हणूनच ती आपल्याला कळते. कण्या नीट झाल्या असत्या तर हा लेख पाकक्रिया झाला असता. वाढणारा हात ओवीतला आहे, हे तिला ठाऊक नसावे. ठाऊक नसणेच बरे.

शेवटच्या पानावर तिने मातृभूमी, संस्कृती आणि मुळे यांविषयी दहाबारा ओळी लिहिल्या आहेत. त्या आम्ही शाळेत शिकविलेल्या निबंधांतून आलेल्या आहेत, हे ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाही. निबंधाला उपसंहार हवा, असे आम्हीच तिच्या वहीवर कधीतरी लिहिले असेल. त्या ओळी काढाव्यात, पहिल्या तीन पानांचे एक करावे आणि अंबाडीच्या मजकुरास हात लावू नये, असे आम्ही तिला कळविले आहे. संपादकांनाही स्वतंत्र पत्र लिहून आमचा पूर्वीचा अभिप्राय रद्द समजावा अशी विनंती केली आहे. तिचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. पहिली पाने कमी करावयास ती तयार आहे. मात्र आजीच्या चुलीचा धूर काढणार नाही म्हणते, कारण तो धूर खरोखरच होता आणि त्याने आजीचे डोळे गेले. हे तिने लेखात कोठेच लिहिलेले नव्हते. आम्ही उलट टपाली तेवढेच लिहावयास सांगितले आहे.